तोंडलीच्या नर-मादी वेलांतील समतोल

पुण्याच्या महात्मा फुले मंडईत तोंडल्यांच्या ज्या पाट्या उतरतात, त्यांतील फळ मादी वेलाचे असते. तोंडलीत नर व मादी वेल निरनिराळे. नर वेलास फूल येते, पण फळ धरत नाही. आमच्या बागाईतदार वाचकांस हे ठाऊकच आहे. परंतु हा भेद असूनही नर वेल मादीप्रमाणेच जोमाने कसा वाढतो, हे समजून घेण्याजोगे आहे.

तोंडलीच्या पेशीत 24 गुणसूत्रे असतात. पैकी 22 दोघांतही सारखी. उरलेल्या दोहोंवर लिंग अवलंबून असते. मादीत ती दोन्ही ‘एक्स’, नरात एक ‘एक्स’ व एक ‘वाय’. कुमार व देवडीकर यांनी 1940 सालीच या जोडीविषयी लिहिले होते. ‘वाय’ हे आकाराने सर्वांत मोठे. पण मोठे घर, पोकळ वासा! फ्रान्समधील व पुण्याच्या पाषाण भागातील ‘आयसर’ संस्थेतील संशोधकांनी मिळून 2020 साली जो निबंध प्रसिद्ध केला, त्यात तेराशेंहून अधिक जनुके तपासली आहेत. ‘वाय’वरील सुमारे 40 टक्के जनुके नाहीशी झाली असावीत, व उरलेल्यांचे काम ‘एक्स’वरील जोडीदाराच्या सरासरी 0.63 पटच होते, असे त्यांस आढळले.

मग नराचे निभते कसे? औताच्या जोडीतील एक बैल अंग चोरू लागला, की दुसरा अधिक ओढतो. तसेच येथे होते. ‘वाय’वरील जनुक मंदावले, की नराच्या एकुलत्या ‘एक्स’वरील तेच जनुक अधिक काम करते. जनावरांत हा हिशेब निराळ्या रीतीने जुळतो. गाईच्या प्रत्येक पेशीतील दोहोंपैकी एक ‘एक्स’ बहुतांशी निजलेले असते, म्हणून ती व बैल बरोबरीत येतात. फळमाशीत याच्या उलट, नराचे एकच ‘एक्स’ दुप्पट राबते.

या समतोलाचा शेतकऱ्यास एक जाच मात्र आहे. फुलावर येईपर्यंत पानांवरून वा वाढीवरून नर ओळखू येत नाही. बियांपासून केलेल्या लागवडीत सुमारे निम्मे वेल नर निघतात, व तोवर मांडव, पाणी, खत यांचा खर्च होऊन गेलेला असतो. याकरिता चांगल्या फळत्या मादी वेलाचीच फाटी लावावीत. परागावाचून फळ न धरणारी जात असेल, तर दहा माद्यांमागे एक नर ठेवावा. फुलाखाली इवलेसे तोंडले दिसले की ती मादी. नुसता देठ दिसला की नर.