शरीराचे आकारमान आणि प्रजननाचा वेग

सस्तन प्राणी आकाराने जितका मोठा, तितके त्याचे जीवनचक्र सर्वसाधारणपणे संथ असते. तो उशिरा वयात येतो, त्याचा गर्भकाळ लांबतो, एका वेतातील पिल्लांची संख्या घटते आणि आयुर्मान वाढते. पशुपालन व पीकसंरक्षण या दोन्ही क्षेत्रांत हे सूत्र मार्गदर्शक ठरते.

मॅक्स क्लायबर यांनी १९३२ मध्ये दाखवून दिले की, चयापचयाचा वेग वजनाइतक्याच प्रमाणात वाढत नाही. तो वजनाच्या सुमारे तीन-चतुर्थांश घाताने वाढतो. त्यामुळे मोठ्या प्राण्याचा दर किलो वजनामागील ऊर्जाखर्च कमी असतो. याच हिशेबाने वजन १६ पट झाल्यास जीवनातील टप्प्यांचा कालावधी ढोबळमानाने दुप्पट होतो. सुमारे ३० किलोच्या शेळीचा गर्भकाळ १५० दिवसांच्या आसपास, तर ४८० किलोच्या म्हशीचा ३१० दिवसांच्या आसपास असतो.

लहान प्राण्यांना शिकारी व उपासमार यांचा धोका अधिक असतो. म्हणून लवकर आणि अधिक पिल्ले देणाऱ्या जातीच टिकल्या. शेतातील लहान घुशीचा गर्भकाळ सुमारे २३ दिवसांचा असून एका वेळी अनेक पिल्ले जन्मतात.

या नियमाला अपवादही आहेत. डुकरीण वजनदार असूनही सुमारे ११४ दिवसांत एकाच वेळी ८ ते १२ पिल्ले देते. याउलट, सुमारे एक किलो वजनाचे मोठे फळभक्षी वटवाघूळ एका वेळी बहुधा एकच पिल्लू देते. त्यामुळे त्याची घटलेली संख्या लवकर भरून येत नाही.

उंदीर-घुशींची संख्या मात्र झपाट्याने पूर्ववत होते. म्हणूनच भातपीक पोटरीत येण्यापूर्वी, परिसरातील सर्व शेतकऱ्यांनी एकाच वेळी नियंत्रण करणे आणि बांध अरुंद व तणमुक्त ठेवणे हितावह असते. एकट्याने उशिरा केलेला उपाय अल्पकाळच टिकतो.

म्हशीच्या बाबतीत गणित उलटे आहे. एक माज हुकल्यास पुढील संधी सुमारे २१ दिवसांनी येते. तेवढ्या अवधीत घुशीचा गर्भ जवळजवळ पूर्ण वाढतो. रेडी दगावल्यास तिची जागा भरण्यास काही वर्षे लागतात. त्यामुळे माजाची अचूक नोंद, वेळेवर रेतन आणि रेड्यांचे काळजीपूर्वक संगोपन यांना पर्याय नाही.