दाबाखालचा प्राणवायू

थंडीच्या दिवसांत काही घरांत रात्री कोळशाची शेगडी पेटती ठेवतात. दारे-खिडक्या लावून घेतात आणि तिच्या उबेला निजतात. सकाळी कोणी डोके धरून उठतो. कोणी उठतच नाही. हे कशाने होते?

कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड नावाचा विषारी वायू निघतो. त्याला रंग नाही, वास नाही. आपल्या रक्तातल्या तांबड्या पेशी म्हणजे हमाल. फुप्फुसातून प्राणवायू उचलायचा आणि अंगभर पोचवायचा, हे त्यांचे काम. पण हा विषारी वायू प्राणवायूपेक्षा दोनशे पटींहून अधिक जोराने त्यांना चिकटतो. मग हमाल प्राणवायू उचलणार कसे? मेंदू आणि हृदय उपाशी राहतात.

अशा माणसाला नुसत्या मोकळ्या हवेत ठेवले, तर रक्तातले निम्मे विष उतरायला सुमारे ५ तास लागतात. तोंडावर मुखवटा लावून निव्वळ प्राणवायू दिला, तर सुमारे दीड तास. आणि हवेच्या तिप्पट दाबाखाली दिला, तर २० ते २५ मिनिटे!

दाबाने काय होते? सोड्याची बाटली आठवा. दाबामुळे वायू पाण्यात विरून राहतो. बूच काढले की बुडबुडे फसफसून वर येतात. रक्तातही पाणी आहेच. दाबाखाली प्राणवायू त्या पाण्यात विरतो, हमालांवाचून पोचतो. आम्स्टरडॅमचे शस्त्रवैद्य बूरेमा यांनी डुकरांच्या रक्तातल्या जवळजवळ सर्व तांबड्या पेशी काढून त्यांना अशा खोलीत जिवंत ठेवले. हा प्रयोग त्यांनी १९६० साली प्रसिद्ध केला.

खोल पाण्यातून पाणबुड्या घाईने वर आला, तर त्याच्या अंगात सोड्यासारखेच बुडबुडे होतात. सांधे धरतात, पाय लुळे पडतात. न्यूयॉर्कचा ब्रुकलिन पूल बांधणारे इंजिनिअर रोबलिंग १८७२ साली नदीच्या तळाशी, दाबाच्या हवेत काम करताना असेच आजारी पडले. पूल १८८३ साली खुला झाला, तेव्हाही ते बरे नव्हते. आज अशा रोग्याला दाबाच्या खोलीत घेतात. मुंबईला नौदलाच्या अश्विनी रुग्णालयात तशी सोय आहे.

मधुमेह्याच्या पायाची न भरणारी जखम, किरणोपचाराने सडलेले जबड्याचे हाड, यांनाही डॉक्टर कधी कधी हा उपचार देतात. तो एका दिवसात होत नाही, बऱ्याच खेपा घालाव्या लागतात. आत जाताना सुती कपडे घालायचे. काडेपेटी, मोबाइल, अंगाला तेल, काही चालत नाही. कारण प्राणवायूत आग भडकायला ठिणगी पुरते. कानांत दडा बसतो, तेव्हा आवंढा गिळावा.

हल्ली कोणी जाहिरात करतात, की याने म्हातारपण हटते, कर्करोग जातो. आम्हीही म्हातारे आहोत. पण यावर पैसे घालणार नाही.

शेगडीच्या खोलीत कोणी निपचित दिसला, तर आधी आपण श्वास रोखून दार-खिडक्या उघडा. त्याला बाहेर ओढा. १०८ नंबरला फोन करा आणि शेगडी होती, हे सांगा. दाबाची खोली लांब असली, तरी जवळच्या दवाखान्यात प्राणवायूची नळकांडी असते. ती लगेच लावायला सांगा.