वजन बरोबर, पण पोटाचे काय?

‘माझे वजन तर उंचीच्या मानाने बरोबर आहे, मग रक्तात साखर कशी निघाली?’ असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर समजून घेऊ.

वजन योग्य आहे की नाही, हे ठरवण्यासाठी बॉडी मास इंडेक्स म्हणजेच बीएमआय पाहतात. किलोमधील वजनाला मीटरमधील उंचीने दोनदा भागावे. समजा, वजन ६२ किलो व उंची १.६५ मीटर आहे. ६२ ला १.६५ ने दोनदा भागले की २२.८ येतात. आपल्याकडे १८.५ पेक्षा कमी म्हणजे कृश, २३ च्या आत योग्य, २३ पासून जादा वजन आणि २५ पासून लठ्ठपणा मानतात. पाश्चात्त्यांत मात्र २५ पर्यंत योग्य व ३० पासून लठ्ठपणा धरतात.

हा फरक का? पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक व लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांचे उदाहरण २००४ साली ‘लॅन्सेट’मध्ये छापून आले. दोघांचा बीएमआय एकच, २२.३. पण शरीरातील चरबी मोजली, तेव्हा युडकिन यांची ९.१ टक्के, तर याज्ञिक यांची २१.२ टक्के निघाली! वजनकाटा एकूण भार सांगतो; त्यात स्नायू किती व चरबी किती, हे सांगत नाही. म्हणूनच तालमीतल्या पहिलवानाचा बीएमआय जास्त येतो, तरी तो लठ्ठ नसतो. उलट हातपाय बारीक, पण पोट सुटलेला माणूस ‘योग्य’ ठरतो. पोटातील चरबीमुळे इन्सुलिनचे काम नीट होत नाही व मधुमेहाचा धोका वाढतो.

म्हणून बीएमआयसोबत कंबरही मोजावी. शेवटची बरगडी व कमरेचे हाड यांच्या मध्यावर, श्वास सोडून, टेप फार न आवळता माप घ्यावे. पॅंटचा नंबर म्हणजे कंबरेचे माप नव्हे! पुरुषांत ९० व स्त्रियांत ८० सेंटिमीटरपर्यंत माप ठीक. त्यापुढे गेल्यास रक्तदाब व रक्तातील साखर तपासून घ्यावी. तीस वर्षांवरील प्रत्येकाची ही तपासणी सरकारी प्राथमिक आरोग्य केंद्रात होते. लहान मुले व गरोदर स्त्रिया यांना मात्र वरील आकडे लावू नयेत.

बीएमआय हा इशारा आहे, निदान नव्हे. आज घरातला टेप काढा आणि घरातील प्रत्येक मोठ्या माणसाची कंबर मोजा.