घरातील हिंसाचार : आपल्याला काय ठाऊक आहे?

'झाकली मूठ सव्वा लाखाची' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. घरातील मारहाण, शिवीगाळ आणि छळ यांवर आपल्या समाजाने हीच मूठ घट्ट झाकून ठेवली आहे. 'नवरा-बायकोच्या भांडणात तिसऱ्याने पडू नये,' असे शेजारी म्हणतात आणि माहेरची माणसे 'थोडे सोस' म्हणून परत पाठवतात. या मुठीत किती जणींचे आयुष्य चुरगळते, याचा विचार मात्र होत नाही.

या विषयावर मी वर्गातील मित्रमैत्रिणींशी बोलले, तेव्हा बहुतेकांना दोनच उपाय आठवले : पोलीस केस आणि घटस्फोट. म्हणजे एक तर सोसायचे, नाही तर संसार मोडायचा. या दोहोंच्या मध्ये कायद्याने बरेच काही ठेवले आहे, ही गोष्ट फार थोड्यांना ठाऊक होती. तीच सांगण्यासाठी हा लेख.

प्रश्न किती मोठा आहे? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) महाराष्ट्रात दर चार विवाहित स्त्रियांपैकी सुमारे एकीने पतीकडून हिंसा सोसली आहे. याच सर्वेक्षणात, देशातील ज्या स्त्रियांनी हिंसा सोसली त्यांपैकी केवळ १४ टक्के स्त्रियांनी कोणाची तरी मदत मागितली. काही कारणांसाठी नवऱ्याने बायकोला मारणे योग्यच, असे ४४ टक्के पुरुषांना वाटते आणि ४५ टक्के स्त्रियांनाही वाटते! तेव्हा दोष एकट्या पुरुषाला देऊन भागणार नाही.

महाराष्ट्रात ही मूठ उघडण्याचे प्रयत्न झाले आहेत. पुण्यात तरुण विवाहितांच्या संशयास्पद मृत्यूंनंतर १९८२ साली विद्या बाळ व त्यांच्या सहकाऱ्यांनी नारी समता मंच स्थापन केला आणि 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन गावोगावी नेले. १९८३ साली भारतीय दंड संहितेत कलम ४९८-अ आले व विवाहितेचा छळ हा गुन्हा ठरला. १ जुलै २०२४ पासून हीच तरतूद भारतीय न्याय संहितेच्या कलम ८५ मध्ये आहे. १९८४ साली टाटा समाजविज्ञान संस्थेने मुंबई पोलीस आयुक्तालयात महिला व बालकांसाठी विशेष कक्ष सुरू केला. तेथे पीडितेची बाजू ऐकण्यास प्रशिक्षित समाजकार्यकर्त्या असतात. पुढे राज्य शासनाने हे काम इतर जिल्ह्यांतही नेले.

परंतु गुन्हा नोंदवणे म्हणजे शिक्षेचा मार्ग. प्रत्येकीला शिक्षाच हवी असते असे नाही. पुष्कळ जणींना फक्त मार थांबायला हवा असतो. त्यासाठी कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. या कायद्यात हिंसा म्हणजे केवळ मारहाण नव्हे. टोमणे, धमक्या, लैंगिक जबरदस्ती, घरखर्च न देणे, स्त्रीधन अडवून ठेवणे हीही हिंसाच होय. पत्नीच नव्हे, तर आई, बहीण आणि मुलगीही या कायद्याखाली दाद मागू शकते.

मी आमच्या घरातील कॉलेजात आलेली पहिली मुलगी. आमच्या आळीत कोर्टाचा वा बँकेचा कागद आला की तो वाचण्यासाठी माझ्याकडे येतो. एकदा शेजारच्या एका वहिनींनी कागद न आणताच विचारले, "घर सासऱ्यांच्या नावावर आहे. तक्रार केली तर मी मुलांना घेऊन राहू कुठे?" या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता मी हा कायदा वाचला. घर कोणाच्याही नावावर असो, ज्या घरात ती नांदली तेथून तिला कायदेशीर मार्गाखेरीज बाहेर काढता येत नाही. सासऱ्यांच्या मालकीच्या घरालाही हे लागू होऊ शकते, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने १५ ऑक्टोबर २०२० रोजी दिला. दंडाधिकारी मारहाणीस मनाई करू शकतात, खर्च देववू शकतात आणि मुलांचा तात्पुरता ताबाही देऊ शकतात. मनाई हुकूम मोडल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वहिनींनी अद्याप अर्ज केलेला नाही. तो निर्णय त्यांचाच. मात्र 'मला कुठे जागा आहे?' असे आता त्या म्हणत नाहीत.

मदत मागायची कोठे? तातडीच्या वेळी ११२ आणि महिलांसाठी १८१ हे दूरध्वनी क्रमांक आहेत. अर्ज लिहून देण्यास संरक्षण अधिकारी असतात. स्त्रीचे उत्पन्न कितीही असो, तिला मोफत वकील मिळतो. त्यासाठी पनवेलच्या न्यायालयातील तालुका विधी सेवा समितीकडे जावे, अलिबाग गाठण्याची गरज नाही. मार लागला असेल तर सरकारी रुग्णालयात कारण स्पष्ट सांगून नोंद करून घ्यावी. 'जिन्यावरून पडले' असे सांगितले की पुरावाच नाहीसा होतो. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, संरक्षण अधिकाऱ्यास कोणीही खबर देऊ शकतो. सद्‌हेतूने खबर देणाऱ्यावर कसलीही कायदेशीर जबाबदारी येत नाही. तेव्हा 'तिसऱ्याने पडू नये' हे कायद्याला मान्य नाही.

विद्यार्थी मित्रांनो, आपल्यापैकी कित्येक जण घरातील शिकणारी पहिली पिढी आहोत. आळीतील कागद आपल्याकडे येतात, तसे उद्या हे प्रश्नही येतील. म्हणून ग्रंथालयाच्या फलकावर ही माहिती सोप्या मराठीत लावावी, राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात ती गावकऱ्यांना सांगावी, अशी माझी प्राध्यापकांना नम्र विनंती आहे. आपल्यातील काही जणींची लग्ने पदवीआधीच ठरतील आणि काही जण लवकरच नवरे होतील. परीक्षेत हा प्रश्न येणार नाही, पण आयुष्यात तो कोणापुढेही उभा राहू शकतो. त्या वेळी उत्तर आपल्याला ठाऊक असावे, एवढीच अपेक्षा.