हंसातील अदृश्य सोबती

रात्री गल्लीतून जाताना रातराणीचा गंध येतो. झाड जवळच कोठेतरी आहे हे कळते. परंतु ते कोणाच्या परसात आहे, हे सांगता येत नाही. आकाशातील क्षकिरणांचे उगम शोधणाऱ्या शास्त्रज्ञांची प्रथम अशीच स्थिती झाली होती.

क्षकिरण म्हटले की आपल्याला मोडलेल्या हाडाचे छायाचित्र आठवते. मांसातून आरपार जाणारे हे किरण पृथ्वीच्या वातावरणातून मात्र पार होत नाहीत. हवेच्या जाड थरात ते शोषले जातात. हे आपले भाग्यच! परंतु त्यामुळे आकाशातून येणारे क्षकिरण पाहावयाचे तर हवेच्या वर जावे लागते. १९६२ च्या जून महिन्यात रिकार्डो जाकोनी व त्यांचे सहकारी यांनी अमेरिकेतून एक अग्निबाण सोडला. चंद्रावरून क्षकिरण येतात काय, हे त्यांना पाहावयाचे होते. निरीक्षणाला सहा मिनिटेही मिळाली नाहीत. चंद्राकडून काही आले नाही. मात्र वृश्चिक राशीच्या दिशेने क्षकिरणांचा प्रखर झोत येत असल्याचे आढळले. शोधावयास गेले एक आणि हाती लागले दुसरेच!

दोन वर्षांनी दुसऱ्या एका अग्निबाणाला हंस तारकासमूहात असाच एक उगम आढळला. त्याला ‘हंस क्ष-१’ असे नाव पडले. पण तो नेमका कोणता तारा? हंसातून आकाशगंगेचा पट्टा जातो आणि तेथे ताऱ्यांची दाटी आहे.

१२ डिसेंबर १९७० रोजी केनियाच्या किनाऱ्याजवळील समुद्रातल्या तळावरून एक उपग्रह सोडण्यात आला. तो केनियाचा स्वातंत्र्यदिन होता. म्हणून उपग्रहाला ‘उहुरू’, म्हणजे स्वाहिली भाषेत ‘स्वातंत्र्य’, हे नाव मिळाले. हंसातील उगमाची प्रखरता एका सेकंदाहूनही थोड्या वेळात कमीअधिक होते, असे त्याला दिसले. प्रकाश एका सेकंदात तीन लक्ष किलोमीटर जातो. जी वस्तू इतक्या झटपट लुकलुकते, ती या अंतराहून मोठी असू शकत नाही. सूर्याचा व्यास सुमारे चौदा लक्ष किलोमीटर आहे. म्हणजे ही वस्तू सूर्याहून पुष्कळच लहान!

तरीही जागा नेमकी कळेना. ‘उहुरू’वर प्रतिमा उमटविणारे आरसे नव्हते. क्षकिरण आरशावर सरळ पडले तर परत न फिरता आत शिरतात. चपटा दगड पाण्यावर तिरपा भिरकावला तर टप्पे घेत जातो, सरळ टाकला तर बुडतो. तसेच हे आहे. म्हणून पुढे १९९९ साली सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर यांच्या नावाने सोडलेल्या ‘चंद्रा’ दुर्बिणीत आरसे असे बसविले, की किरण त्यांना केवळ चाटून जावेत. १९७१ साली ही सोय नव्हती.

त्या वर्षी साहाय्य झाले ते रेडिओ दुर्बिणींचे. वसंत ऋतूत ‘हंस क्ष-१’च्या क्षकिरणांत एकाएकी बदल झाला आणि त्याच सुमारास त्या भागातून रेडिओलहरी येऊ लागल्या. दोन्हींचे मूळ एकच असले पाहिजे. रेडिओ दुर्बिणींनी दाखविलेल्या अचूक जागी एक निळा तारा निघाला. तो नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. तारासूचीत त्याचा क्रमांक २२६८६८ आहे.

झाड सापडले, पण गंध त्याचा नव्हता! तसला तारा इतके क्षकिरण देऊच शकत नाही. इंग्लंडमध्ये लुईस वेब्स्टर व पॉल मर्डिन यांनी आणि कॅनडात टॉम बोल्टन यांनी त्याच्या प्रकाशाचा वर्णपट तपासला. तो तारा ५.६ दिवसांत एक फेरी पुरी करीत होता, आणि ज्याच्यासह तो फिरत होता तो सोबती दिसतच नव्हता. ताऱ्याचा वायू त्या सोबत्याकडे ओढला जातो आणि कोसळताना इतका तापतो, की त्यातून क्षकिरण निघतात. २०२१ च्या मोजणीप्रमाणे सोबत्याचे वस्तुमान सूर्याच्या सुमारे एकवीसपट आहे. एवढा जड, एवढा लहान आणि अदृश्य! तेव्हा ते कृष्णविवर असावे.

‘असावे’ आणि ‘आहे’ यांत अंतर असते. १९७४ साली स्टीफन हॉकिंग यांनी किप थॉर्न यांच्याशी पैज मारली, की ते कृष्णविवर नव्हे. कृष्णविवरांच्या अभ्यासात हॉकिंग यांनी वर्षे घालविली होती. ती नसलीच, तर निदान पैज तरी जिंकावी, असा त्यांचा हिशेब! पुरावे वाढत गेले. शेवटी १९९० साली, थॉर्न परदेशी असताना, हॉकिंग कॅलिफोर्नियातील त्यांच्या कार्यालयात गेले आणि पैजेच्या कागदावर आपल्या अंगठ्याचा ठसा उमटवून त्यांनी हार मान्य केली.