पाठ कोणी बघितली?

रत्नागिरी

चि. मनू,

वहिनींचा भाचा तू शिकवतेस त्याच बॅचमध्ये आहे, हे विसरलीस वाटतं. परवा लग्नात भेटला. म्हणाला, मोटरसायकलवरून पडलेल्या पोराच्या खाटेशी मॅडमनी मांडीच्या फ्रॅक्चरचे प्रकार विचारले आणि येईनात तेव्हा सगळ्यांदेखत झापलं. मी विचारलं, "त्याची पाठ कोणी बघितली?" पोरगा गप्प.

तेव्हापासून जिवाला घोर लागलाय. अगं, प्रकार कुठे पळून जातात? मांडीत लिटरभर रक्त साचतं, ते विचारलं असतंस तरी चाललं असतं. पण अपघाताचा पेशंट तपासायचा तो क्रमाने: आधी मान जपून श्वासमार्ग, मग श्वास, रक्ताभिसरण, शुद्ध आणि शेवटी कपडे कापून सगळं अंग. 1976 साली नेब्रास्कात डॉ. जेम्स स्टायनर यांचं विमान पडलं. पत्नी गेली, मुलं जखमी झाली. तिथल्या इस्पितळातले उपचार बघून ते हादरले आणि त्यातून 1978 मध्ये हा क्रम शिकवणारा पहिला कोर्स उभा राहिला. घाबरलेल्या डॉक्टरलाही आठवावा म्हणून तो क्रम! आणि तू पोरांना आणखी घाबरवतेस? झापलेला विद्यार्थी विचारलं तेवढंच बघतो. पाठ राहून जाते.

आपल्याकडे हापूसच्या दिवसांत झाडावरून पडलेला गडी मोडलेला हात धरून ओरडतो. सगळे हाताकडे धावतात, आणि मणका मोडलेला असतो. म्हणून एकाने डोकं धरायचं, तिघांनी अंग एकदम कुशीवर वळवायचं, पाचव्याने मानेपासून माकडहाडापर्यंत बोटं फिरवायची. हुकूम डोकं धरणाऱ्याचा. सगळ्यांत बुजऱ्या पोराला डोकं धरायला देत जा. "एक, दोन, तीन" म्हणताना त्याचा आवाज आपोआप फुटतो.

मला शिकवायची फार हौस होती गं. कॅज्युअल्टी आणि ऑपरेशनं यांतच नोकरी सरली. आता रत्नागिरीत 2023 पासून सरकारी मेडिकल कॉलेज आहे. पोरं पांढरे कोट घालून जाताना दिसली की मी उगाच फाटकाशी थांबतो.

फार बोललो. रात्रपाळी करून सकाळी शिकवायला उभं राहायचं म्हणजे काय, ते मला ठाऊक आहे. जेवतेस ना वेळेवर? मामीने फणसपोळी पाठवलीय. थोडी त्या पोरालाही दे, त्याच्यावर राग धरू नकोस. आणि एखादा पेशंट हातचा गेला तर एकटी कुढत बसू नकोस. फोन कर, कितीही वाजलेले असोत. मी जागाच असतो.

तुझा,
अप्पामामा