इस्पितळाचा कारभार : पीएच.डी.पर्यंतची वाट

आपल्या व्यापारी आणि कारागीर घरांत मूल हुशार निघाले की एकच स्वप्न पाहिले जाते, ते डॉक्टर होण्याचे. प्रवेश परीक्षेत नंबर लागला तर ठीक. नाही लागला तर मुलगा दुकानाच्या गादीवर बसतो आणि मुलीची तालीम तिथेच थांबते. इस्पितळात जाण्याचा आणखी एक रस्ता आहे, हे आपल्या बाजारपेठेत फार थोड्यांना ठाऊक आहे. हा रस्ता म्हणजे इस्पितळाचा कारभार चालविण्याचे शास्त्र. बी.ए., बी.कॉम. झालेला विद्यार्थीही त्यात पदव्युत्तर पदवी घेऊन पुढे पीएच.डी. करू शकतो. ही वाट कशी आहे, किती वर्षांची आहे आणि तिच्यात फसगत कुठे होते, ते आज पाहू.

एक गोष्ट सुरुवातीलाच स्पष्ट करतो. ही पदवी मिळाली की नावापुढे ‘डॉ.’ लागते, पण रोग्याला औषध लिहून देण्याचा हक्क मिळत नाही. हा डॉक्टर माणसाची नाडी पाहत नाही, इस्पितळाची पाहतो.

कारभार म्हणजे नेमके काय?

आम्ही कापडवाले, म्हणून कापडाचेच उदाहरण घेतो. इस्पितळात एका खाटेवर एक चादर दिसते. पण एक खाटेवर, एक वॉर्डाच्या कपाटात, एक धुलाईला, एक वाटेत आणि बाकीच्या भांडारात, असा हिशेब धरून खाटेमागे पाच ते सहा संच ठेवावेत, असे या विषयाची पुस्तके सांगतात. म्हणजे शंभर खाटांच्या इस्पितळाला पाचशे ते सहाशे संच लागतात. यात थोडी चूक झाली की एकीकडे चादरीवाचून खाट अडून राहते आणि दुसरीकडे भांडारात पैसा सडतो.

एका इस्पितळाने आमच्याकडून एकाच वर्षात तीन वेळा चादरींची मागणी केली. माल जात होता, तरी वॉर्डातली ओरड थांबत नव्हती. पुढे कळले की चादरी चोरीला गेल्या नव्हत्या. तुटवड्याच्या भीतीने प्रत्येक वॉर्ड आपल्या कपाटात ज्यादा गठ्ठे कुलूपबंद करून ठेवत होता. आणखी शंभर ताके पाठवूनही हा प्रश्न सुटला नसता. साठ्याची नोंद एका जागी ठेवून वॉर्डांचा भरवसा परत मिळवला असता, तर तो सुटला असता. याचेच नाव कारभार.

औषधांचेही तसेच आहे. या शास्त्रात भांडारातील मालाचे अ, ब, क असे तीन भाग करतात. साधारण दहा टक्के वस्तूंवर सत्तर टक्क्यांच्या आसपास पैसा खर्च होतो, म्हणून त्या वस्तूंवर सर्वात कडक नजर ठेवायची. दुसरी वाटणी जीविताची : ज्यावाचून रोगी दगावेल ती वस्तू, जी आवश्यक आहे ती आणि जी असली तर बरे ती. पहिल्या प्रकारची वस्तू स्वस्त असली तरी संपता कामा नये. कोणता माल अडकून पडतो आणि कोणता रोज लागतो, हे आपल्या दुकानात वाढलेल्या मुलाला शिकवावे लागत नाही. तेव्हा व्यापाऱ्याच्या घरची ही समज या विषयात भांडवलच आहे.

महापेच्या आसपासचा एक खरा प्रश्न

पीएच.डी. म्हणजे जाड पुस्तक लिहिणे, असा अनेकांचा समज आहे. वस्तुतः पीएच.डी. म्हणजे ज्याचे उत्तर अजून कोणी नीट शोधलेले नाही असा एक प्रश्न घेऊन, पुराव्यासह त्याचे उत्तर देणे. असा प्रश्न शोधायला लांब जावे लागत नाही.

महापे हे ठाणे-बेलापूर पट्ट्यातील औद्योगिक वसाहतीचे गाव. महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ १९६२ साली स्थापन झाले आणि या पट्ट्यात कारखाने उभे राहिले. पुढे महापेला संगणक कंपन्यांची मिलेनियम बिझनेस पार्कसारखी संकुलेही आली. शिळफाट्याच्या रस्त्याने मुंब्रा, कल्याण, भिवंडीकडून माल आणि माणसे इथे येतात. इथल्या छोट्या कारखानदारांत आपले बांधवही आहेत आणि कामगारांतही.

या कामगारांसाठी १९४८ च्या कायद्याने सुरू झालेली कामगार राज्य विमा योजना आहे. १ जुलै २०१९ पासून पगाराच्या ३.२५ टक्के मालकाचा आणि ०.७५ टक्के कामगाराचा हिस्सा ठरला. २०१७ पासून पगाराची मर्यादा २१,००० रुपये झाली. आता हिशेब करा. वीस हजार पगाराच्या एका कामगारामागे मालक ६५० आणि कामगार १५० असे महिन्याला ८०० रुपये जातात. पंचवीस कामगारांचा कारखाना असेल तर महिन्याला २०,००० आणि वर्षाला २,४०,००० रुपये होतात.

हा पैसा भरूनही आजारी कामगार योजनेच्या दवाखान्यात न जाता गल्लीतल्या खाजगी डॉक्टरकडे रोख पैसे देऊन जात असेल, तर ते का? दवाखान्याची वेळ त्याच्या पाळीला जुळत नाही? कार्डात नाव चुकले आहे? एका तपासणीसाठी त्याचे दोन दिवसांचे काम बुडते? की योजनेत काय मिळते हेच त्याला माहीत नाही? चहाच्या टपरीवर याची उत्तरे प्रत्येकाकडे आहेत. पण चारशे कामगारांना नीट विचारून, दवाखान्याच्या नोंदी पाहून, रांगेतला वेळ घड्याळाने मोजून दिलेले उत्तर वेगळे असते. त्यावर योजनेच्या अधिकाऱ्यांना दवाखान्याची वेळ बदलता येते. ज्या पैशात आपला आणि आपल्या कामगाराचा घाम आहे, त्याचा हा सवाल आहे.

अभ्यासाला जागाही जवळच आहे. वाशीला कामगार विमा योजनेचे रुग्णालय आहे. वाशीलाच महापालिकेचे सार्वजनिक रुग्णालय असून पालिकेच्याच इमारतीत खाजगी हिरानंदानी-फोर्टिस रुग्णालय चालते. नेरुळला डी. वाय. पाटील यांचे वैद्यकीय महाविद्यालय आणि रुग्णालय आहे. बेलापूरला २०१६ साली अपोलो आले. सरकारी योजना, पालिका, महाविद्यालय आणि कंपनी असे चार तऱ्हेचे कारभार महापेपासून थोड्या अंतरावर तुलनेला मिळतात.

दुसरा प्रश्न धर्मादाय खाटांचा. सार्वजनिक न्यास म्हणून नोंदलेल्या महाराष्ट्रातील इस्पितळांनी १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के खाटा दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवायच्या आहेत. त्यासाठी एकूण बिलांच्या २ टक्के रक्कम वेगळ्या निधीत टाकायची आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशाने ठरलेली ही योजना २००६ पासून लागू आहे. मग गरजू माणूस आणि ती खाट यांच्यामध्ये कोणता कागद, कोणती खिडकी, कोणता माणूस उभा असतो? हाही पीएच.डी.चा विषय होऊ शकतो.

पायऱ्या कोणत्या?

पहिली पायरी पदवीची. दुसरी, रुग्णालय किंवा आरोग्य प्रशासनातील दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी. दिल्लीच्या एम्समध्ये या विषयाचे पदव्युत्तर शिक्षण एमबीबीएस झालेल्यांसाठी आहे. पण देवनारच्या टाटा समाज विज्ञान संस्थेत (स्थापना १९३६) या अभ्यासक्रमाला वैद्यकीय पदवीची अट नाही. जयपूरची आयआयएचएमआर ही संस्था १९८४ पासून याच क्षेत्रात काम करते. प्रवेशाची पद्धत बदलत असते, म्हणून त्या वर्षीचे माहितीपत्रक पाहूनच अर्ज करावा.

तिसरी पायरी नोकरीची. नियमात ती नाही, पण आमच्या मते ती सर्वात जरुरीची आहे. दोन-तीन वर्षे इस्पितळाच्या बिलिंग, भांडार, नोंदणी किंवा दर्जा तपासणीच्या विभागात काम केलेल्या विद्यार्थ्याकडे स्वतःचा प्रश्न असतो. ज्याने इस्पितळ आतून पाहिलेच नाही, तो दुसऱ्याचा प्रश्न उसना घेतो आणि अर्ध्या वाटेवर थकतो.

चौथी पायरी पीएच.डी.ची. तिचे नियम विद्यापीठ अनुदान आयोगाने नोव्हेंबर २०२२ मध्ये नव्याने काढले. त्यांतील कामाच्या गोष्टी अशा :

पदव्युत्तर परीक्षेत ५५ टक्के गुण हवेत. ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर), आर्थिक दुर्बल, अनुसूचित जाती-जमाती आणि अपंग उमेदवारांना ५ टक्के सूट आहे. मोमीन, जुलाहा अशा अनेक कारागीर बिरादऱ्या ओबीसी यादीत आहेत. तेव्हा दाखला आधीच काढून ठेवावा. ऐनवेळी धावपळ करून तो मिळत नाही.

प्रवेशासाठी २०२४ पासून ‘नेट’ परीक्षेचे गुणही धरले जातात. पीएच.डी.च्या प्रवेशापुरते नेटचे गुण ७० टक्के आणि मुलाखतीचे ३० टक्के, अशी वाटणी असते आणि ते गुण एक वर्ष चालतात. नेटमध्ये रुग्णालय प्रशासन असा वेगळा विषय नाही. ‘व्यवस्थापन’ किंवा ‘सामाजिक वैद्यक व सामुदायिक आरोग्य’ या विषयातून बसावे लागते. भाषा-विषय सोडले तर प्रश्नपत्रिका इंग्रजी आणि हिंदीत असते. उर्दू माध्यमातून आलेल्या आपल्या मुलांनी पदवीच्या पहिल्या वर्षापासून रोज इंग्रजी वाचण्याची सवय लावावी. हे आम्ही स्वतः उर्दू शाळेत शिकलेले म्हणून कळकळीने सांगतो. आकलन कमी नसते, शब्द कमी पडतात.

मुदत कमीत कमी तीन वर्षे आणि जास्तीत जास्त सहा. पुढे दोन वर्षांची वाढ मिळू शकते. स्त्रियांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना आणखी दोन वर्षे मिळतात, पण एकूण दहाच्या पुढे नाही. बाळंतपण आणि मुलांच्या संगोपनासाठी स्त्रियांना २४० दिवसांपर्यंत रजाही आहे. लग्न झाले की मुलीची तालीम संपली, असे मानणाऱ्यांनी हा नियम वाचावा.

सुरुवातीला १२ ते १६ क्रेडिटचे वर्ग असतात. दर सहामाहीला समितीसमोर प्रगती मांडावी लागते. शेवटी प्रबंध मार्गदर्शकाखेरीज बाहेरचे किमान दोन परीक्षक तपासतात आणि तोंडी परीक्षा होते. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करता येते, पण मालकाचे ना-हरकत पत्र लागते.

पैशाचा विचार

अल्पसंख्याक विद्यार्थ्यांसाठीची मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप केंद्र सरकारने २०२२-२३ पासून नव्या विद्यार्थ्यांसाठी बंद केली. जुन्या माहितीवर विसंबून कोणी बसू नये. आता मोठा आधार नेटमधील ज्युनिअर रिसर्च फेलोशिपचा. जानेवारी २०२३ पासून तिची रक्कम पहिली दोन वर्षे महिना ३७,००० आणि नंतर ४२,००० रुपये ठरली. तिला वयाची अट ३० वर्षांची आहे. स्त्रिया आणि ओबीसी (नॉन-क्रीमी लेयर) उमेदवारांना पाच वर्षांपर्यंत सूट मिळते. ओबीसी संशोधकांनी राज्याच्या ‘महाज्योती’ संस्थेच्या जाहिरातींवरही नजर ठेवावी.

वयाचा हिशेब असा : एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी पदव्युत्तर, दोन-तीन वर्षे नोकरी आणि तिसाव्या वर्षाच्या आसपास पीएच.डी. हा उधारीचा मोठा सौदा आहे, वसुली उशिरा होते. फक्त इस्पितळात व्यवस्थापकाची नोकरी हवी असेल तर पदव्युत्तर पदवी पुरेशी आहे. पीएच.डी. त्यानेच करावी, ज्याला शिकवायचे आहे, संशोधन करायचे आहे किंवा सरकारी योजनांची आखणी करायची आहे.

खोट्या मालापासून सावध

कापडावर शिक्का मारल्याने सूत बदलत नाही. पदवीचेही तसेच आहे. काही हजार रुपयांत, हॉटेलात समारंभ करून, शाल आणि ‘डॉक्टरेट’ देणाऱ्या संस्था व्यापाऱ्यांनाच गाठतात. १९५६ च्या विद्यापीठ अनुदान आयोग कायद्याप्रमाणे पदवी देण्याचा हक्क कायद्याने स्थापन झालेल्या विद्यापीठांना, अभिमत विद्यापीठांना किंवा संसदेने खास अधिकार दिलेल्या संस्थांनाच आहे. आयोग बोगस विद्यापीठांची यादीही प्रसिद्ध करतो.

दुसरा सापळा घरबसल्या पीएच.डी.चा. दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने पीएच.डी. देण्यास २०२२ च्या नियमांत साफ मनाई आहे. जानेवारी २०२५ मध्ये आयोगाने राजस्थानातील तीन विद्यापीठांना नियम न पाळल्याबद्दल पाच वर्षे पीएच.डी.चे प्रवेश करण्यास बंदी केली. अमेरिकेत ‘डॉक्टर ऑफ हेल्थ अ‍ॅडमिनिस्ट्रेशन’ ही नोकरदारांसाठीची पदवी आहे आणि तिथे ती मान्यही आहे. पण तिच्या ऑनलाइन वर्गासाठी इथून पैसे भरण्यापूर्वी, भारतात ती पीएच.डी.च्या बरोबरीची धरली जाईल का, हे लेखी विचारावे. दलालाच्या तोंडी हमीवर आपण सुताची एक गाठही घेत नाही.

सुरुवात कशी करावी?

विद्यार्थ्याने प्रथम शोधगंगा या सरकारी ग्रंथसंग्रहात संगणकावर जावे. देशातील विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचता येतात. आपल्या विषयावरचे तीन प्रबंध वाचून, त्यांनी कोणता प्रश्न सोडून दिला ते वहीत लिहावे. मग त्या विषयाचा मार्गदर्शक कोणत्या विद्यापीठात आहे आणि त्याच्याकडे जागा शिल्लक आहे का, ते पाहावे. प्राध्यापकाला एका वेळी आठ, सहयोगी प्राध्यापकाला सहा आणि सहायक प्राध्यापकाला चारच विद्यार्थी घेता येतात.

आणि पालकांनी एक काम करावे. महापे, तुर्भे, भिवंडी, मुंब्रा, जिथे आपला कारखाना किंवा दुकान असेल, तिथल्या कामगारांपैकी गेल्या वर्षी कोण कोण आजारी पडले, ते कुठे गेले, किती दिवस काम बुडाले आणि किती खर्च झाला, याची एक यादी मुलाला किंवा मुलीला करायला सांगावी. ती यादी करताना ज्याच्या मनात ‘असे का?’ हा सवाल उठेल, त्याला या वाटेला पाठवायला हरकत नाही.